माणसं सांभाळणाऱ्यांचे प्रश्न: स्वमूल्यमापन आणि सहकाऱ्यांचा अभिप्राय

नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत मी २१ वर्षं काम केलं, त्यातली १२ शॉपफ्लोरवर, म्हणजे यंत्रं चालतात त्या शेडमध्ये, सुपरवायझर म्हणून. आता नाशिक आणि आसपासचे सुपरवायझर, विभागप्रमुख, मुख्याध्यापक, पॅकहाउस सांभाळणारे यांच्यासोबत बसतो. बैठक उठल्यावर जिन्यात थांबवून किंवा रात्री फोन करून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे त्यांच्याच शब्दांत मांडले आहेत. पहिले काही प्रश्न नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे आहेत, पुढचे मध्येच अडलेल्यांचे.

१. स्वमूल्यमापन म्हणजे आम्ही दरवर्षी अप्रेझलचा फॉर्म भरतो तेच ना?

नाही. तो फॉर्म आपण वरच्यांसाठी भरतो. पगारवाढ डोळ्यांसमोर असते, त्यामुळे कुणी स्वतःला भरभरून गुण देतं, कुणी संकोचाने कमी देतं. स्वमूल्यमापन स्वतःपुरतं असतं, ते कुणाला दाखवायचं नसतं. 'मी किती चांगला आहे?' हा प्रश्न तिथे नसतोच. 'या आठवड्यात मी जे वागलो, त्याने माझ्या माणसांचं काम सोपं झालं की अवघड?' एवढंच तिथे बघायचं असतं.

२. मला माझे गुणदोष चांगले माहीत आहेत. मग दुसऱ्यांना विचारायची गरज काय?

मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं मोजायचं साधन, झिजला तरी आकडा दाखवायचं थांबत नाही. वापरणाऱ्याला तो आकडा खराच वाटतो. म्हणून तर ठरावीक काळाने त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या मापाशी पडताळणी, करावं लागतं. आपण स्वतःला ज्या मापाने मोजतो, त्याचंही असंच आहे. ते माप आतून तपासता येत नाही.

१९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यासाठी चार चौकटींची एक खिडकी मांडली. दोघांच्या पहिल्या नावांवरून तिला 'जोहरी खिडकी' म्हणतात, रत्नं पारखणाऱ्या जोहऱ्याशी तिचा संबंध नाही. एका चौकटीत मला आणि इतरांनाही ठाऊक असलेलं, दुसऱ्या चौकटीत फक्त मला ठाऊक असलेलं, तिसऱ्या चौकटीत इतरांना दिसतं पण मला दिसत नाही ते आणि चौथ्या चौकटीत कुणालाच ठाऊक नसलेलं. माणसं सांभाळणाऱ्याला ठेच लागते ती तिसऱ्या चौकटीत, आणि ती चौकट एकट्याने कितीही विचार केला तरी उघडत नाही.

कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९ चा अभ्यासही इथे सांगण्यासारखा आहे. तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्यांत सर्वांत खालच्या पाव गटात असलेल्यांचं सरासरी स्थान शंभरात खालून बारावं होतं. त्यांना विचारल्यावर त्यांनी स्वतःला खालून बासष्टाव्या, म्हणजे सरासरीच्याही वरच्या, स्थानी बसवलं. या निष्कर्षाचं गणित कसं लावायचं यावर पुढे बराच वाद झाला. पण ज्या बाबतीत आपण कच्चे असतो, त्या बाबतीत आपला कच्चेपणा ओळखायची नजरही कच्चीच असते, हे मी शॉपफ्लोरवर अनेकदा पाहिलं आहे.

३. सुरुवात कशी करू? मला लिहायची सवय नाही.

एक साधी शंभरपानी वही घ्या. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, घरी निघण्याआधी १५ मिनिटं बसा आणि तीनच गोष्टी लिहा. या आठवड्यात कुणाशी बोलताना माझा आवाज चढला? कोणतं काम मी दुसऱ्याला देऊन परत हातात घेतलं? कोण माझ्याकडे काही सांगायला आलं आणि मी त्याला पुरतं ऐकलं नाही? नावं आणि प्रसंग लिहा. 'संवाद सुधारायला हवा' असली वाक्यं लिहू नका, त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही.

दुसरी सवय व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगितलेली. कोणताही महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी लिहायचं. अमुक मुलाला लाइन लीडर केलं, तो सहा महिन्यांत तयार होईल असं वाटलं, तर तसं लिहा. माझ्या वहीत अशा नोंदींवरून एक गोष्ट उघडी पडली. यंत्रांबद्दलचे माझे अंदाज बरोबर ठरायचे, माणसांबद्दलचे मात्र मी फार लवकर बांधायचो. आठवणीच्या भरवशावर राहिलो असतो तर हे कळलं नसतं, कारण निकाल लागला की आपल्याला आधीपासून तसंच वाटत होतं असं मन सांगू लागतं.

४. कुणाकुणाला विचारायचं? किती जणांना?

पाच ते आठ जण पुरेत. त्यात हाताखालचे तीन-चार असावेत, बरोबरीचे दोन आणि एक वरिष्ठ. ज्याच्याशी आपलं पटत नाही असा निदान एक माणूस हवाच. 'निंदकाचे घर असावे शेजारी' असं आपण म्हणतो, पण यादी करताना नेमकं त्याचंच घर वगळतो.

उत्पादनवाल्यांनी गुणवत्ता किंवा स्टोअर्समधल्या एकाला जरूर घ्यावं. आपल्या घाईचा फटका कुणाला बसतो, ते तिथे कळतं.

५. नेमकं काय विचारू? 'माझ्याबद्दल काय वाटतं?' असं विचारलं तर चालेल?

त्या प्रश्नाला 'चांगलं वाटतं' याशिवाय दुसरं उत्तर मिळत नाही. माणसाबद्दल विचारू नका, प्रसंगाबद्दल विचारा. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची एक रीत आहे: प्रसंग कोणता होता, त्यात मी काय केलं, आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला. ही तीन टोकं धरली की बोलणं स्वभावावर घसरत नाही.

मी वापरतो ते प्रश्न असे: 'मागच्या महिन्यात माझ्यामुळे तुमचं काम कधी अडलं?' 'सकाळच्या बैठकीत मी काय करतो, जे केलं नाही तर बरं होईल?' 'मी चालू ठेवावी अशी एक गोष्ट कोणती?' शेवटचा प्रश्न विसरू नका. आपलं काय चांगलं चाललंय हेही अनेकदा आपल्याला माहीत नसतं, आणि सुधारणेच्या नादात आपण तेच बंद करून बसतो.

६. कुणालाही विचारलं तरी 'सगळं छान आहे साहेब' एवढंच ऐकू येतं. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोक खोटं बोलतात असं समजू नका. त्यांच्या जागी बसून बघा. पाळी कोणती लागणार, ओव्हरटाइम मिळणार का, दिवाळीत सुट्टी मंजूर होणार का, हे तुमच्या हातात आहे. शिवाय मोठ्या माणसाच्या तोंडावर त्याची चूक काढणं म्हणजे उद्धटपणा, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं आहे. 'सगळं छान आहे' यात भीती असते तसा आदरही असतो. हे दोन्ही एका प्रश्नाने पुसलं जात नाही.

पहिलं पाऊल तुम्ही टाकायचं. आपली एक खरी चूक आधी आपणच सांगायची. 'मंगळवारी रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो. ते चुकलंच. असं अजून कुठे होतं का?' असं विचारलं की समोरच्याला नवा आरोप करावा लागत नाही, तुम्ही उघडलेल्या दारातून त्याला फक्त आत यायचं असतं.

दुसरं, जागा बदला. केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवलं की माणूस आपली झडती होणार असंच समजतो. मशीनपासून कँटीनपर्यंत चालता चालता विचारलं तर दोघांची नजर समोर असते आणि बोलणं सोपं जातं. रविवारी सगळ्या टीमला मिसळ खायला नेऊन तिथे मात्र विचारू नका. दहा जणांच्या टेबलावर खरं कोण बोलणार? आणि तुम्ही खाऊ घातलेलं असताना तर नाहीच.

तिसरं, झालेल्याबद्दल बोलायला जड जात असेल तर पुढचं विचारा. मार्शल गोल्डस्मिथ या प्रशिक्षकांनी ही पद्धत रुळवली: मागच्या चुका न काढता येणाऱ्या दिवसांसाठी सूचना मागायची. 'पुढच्या महिन्यात नवीन लाइन सुरू होतेय, मी काय काळजी घेऊ?' याचं उत्तर द्यायला ज्युनिअरलाही संकोच वाटत नाही, आणि त्या सल्ल्यातच मागची तक्रार दडलेली असते.

चौथं, प्रश्न विचारून गप्प बसा. तीन-चार सेकंदांची शांतता आपल्याला सोसत नाही म्हणून आपणच 'म्हणजे तसं काही नसेलच' असं बोलून टाकतो. मी हे वर्षानुवर्षं केलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या खऱ्या उत्तराचं तुम्ही काय करता. कुणीतरी एकजण धीर करून काहीतरी छोटंसं सांगतो. ते खरं तर पाणी किती खोल आहे ते बघण्यासाठी असतं. त्यावर तुम्ही कसे वागलात, ही बातमी चहाच्या सुट्टीच्या आत सगळ्या शेडमध्ये पोचलेली असते. तिथे चिडलात तर पुढचं वर्षभर पुन्हा 'सगळं छान आहे'.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. सापडल्या जास्त. या गटांत चुका बोलून दाखवायची भीती कमी होती, म्हणून त्या नोंदवल्या जात होत्या, असा अर्थ पुढे उलगडला. तेव्हा तुमच्याकडे तक्रारी येऊ लागल्या तर काही बिघडलं असं समजू नका.

७. निनावी फॉर्म बरा की समोरासमोर?

सुरुवातीला, विश्वास नसेल तेव्हा, निनावी बरा. पण तो खरोखर निनावी असायला हवा. चार जणांच्या टीममध्ये निनावी काहीच नसतं, बोलीवरून आणि अक्षरावरून माणूस कळतो. हाताखालचे पाचपेक्षा कमी असतील तर निनावीचा देखावा करू नका. त्यापेक्षा दोघांचाही विश्वास असलेल्या तिसऱ्या माणसाने प्रत्येकाशी बोलून सगळ्यांचं मिळून सांगावं. ऑनलाइन फॉर्म केला तर त्यात ईमेल आपोआप नोंदवला जात नाही ना, हे स्वतः एकदा भरून तपासा. एका ठिकाणी ते तपासलं नव्हतं, आणि लोकांनी पुन्हा कधीच फॉर्म भरला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अभिप्राय मागूच नका.

निनावी उत्तराची एक मोठी उणीव आहे, 'म्हणजे कधी?' असं परत विचारता येत नाही. म्हणून हळूहळू समोरासमोर बोलण्याकडे सरकायचं.

८. '३६० अंश' अभिप्राय म्हणजे काय? आमच्या २५ माणसांच्या वर्कशॉपला तो लागतो का?

वरिष्ठ, बरोबरीचे, हाताखालचे आणि कधी ग्राहकही, अशा सगळ्या बाजूंनी एकाच माणसाबद्दल एकाच प्रश्नावलीवर मतं घ्यायची आणि त्याच्या स्वतःच्या उत्तरांशेजारी ती ठेवायची, याला ३६० अंश म्हणतात. मोठ्या कंपन्या यासाठी बाहेरची संस्था नेमतात.

२५ माणसांना तो थाटमाट नको. दहा विधानं लिहा, प्रत्येकाला १ ते ५ गुण, खाली मोकळी जागा. आधी स्वतः भरा, मग इतरांकडून घ्या. विधानं डोळ्यांना दिसणाऱ्या वागण्याची हवीत. 'नेतृत्वगुण आहेत' हे निरुपयोगी, 'पाळी बदलताना पुढच्या माणसाला अपुरं राहिलेलं काम स्पष्ट सांगतात' हे उपयोगी. याला कारण आहे. १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दाखवलं की लष्करी अधिकाऱ्यांना त्यांचे वरिष्ठ बांधा, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या बाबींत गुण देत होते, तरी सगळे गुण एकमेकांना धरून चालत होते. एका बाबतीत माणूस आवडला की सगळीकडे वर. विधान जितकं ढोबळ, तितकी ही भेसळ जास्त.

आकड्यांपेक्षा मोकळ्या जागेतली वाक्यं दोनदा वाचा.

९. ऐकताना फार राग येतो. लगेच खुलासा द्यावासा वाटतो. कसं आवरायचं?

राग येणारच. १२-१२ तास राबून 'तुम्ही ऐकत नाही' हे ऐकणं सोपं नाही. त्या वेळी दोनच वाक्यांना परवानगी द्या: 'अजून सांगा' आणि 'सांगितलंत ते बरं केलंत'. खुलासा खरा असला तरी त्या दिवशी नको, कारण समोरच्याला तो वादच वाटतो. वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, आपला अर्थ लावू नका. दोन रात्री जाऊ द्या. मग परत वाचा. पहिल्या दिवशी जे वाक्य अन्यायाचं वाटलं होतं, तेच तिसऱ्या दिवशी बहुतेक वेळा ओळखीचं वाटतं, कारण घरच्यांनीही तेच कधीतरी सांगितलेलं असतं.

१०. एक म्हणतो 'तुम्ही फार लक्ष घालता', दुसरा म्हणतो 'तुम्ही लक्षच देत नाही'. खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही. जुन्या जाणत्या ऑपरेटरच्या मागे तुम्ही उभे राहत असाल आणि नव्या पोराला 'शिकेल हळूहळू' म्हणून सोडत असाल. तेव्हा सरासरी काढू नका, कोण बोलतंय ते पाहा. निनावी फॉर्ममुळे ते कळत नसेल तर 'तुम्ही इथे किती वर्षांपासून आहात?' एवढा एक ढोबळ गट विचारा, पण टीम लहान असेल तर तोही नको (प्रश्न ७).

११. मी स्वतःला ४ गुण दिले आणि टीमने सव्वादोन. एवढा फरक कसा?

आपण स्वतःला हेतूवरून मोजतो. आपला हेतू काय होता ते आपल्याला माहीत असतं. समोरच्याला फक्त आपला चेहरा, आवाज आणि वेळ दिसते. 'माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे' हे तुमच्या मनात खरंच असेल, पण दारात येणाऱ्याला तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता 'बोला' म्हणत असाल तर त्याच्यापुरतं दार बंदच. फरक मोठा दिसला की स्वतःला दोष देत बसू नका, त्या एका विधानाबद्दल दोघा-तिघांना प्रसंग विचारा.

उलटा फरकही असतो: स्वतःला २, टीमकडून ४. नव्याने बढती मिळालेल्या महिला सुपरवायझरांच्या बाबतीत मी हा वारंवार पाहिला. पुरुषांनी भरलेल्या शेडमध्ये त्या आधीच चार नजरा झेलत काम करतात आणि स्वतःला फार कडक मोजतात. ताई, तुमच्या बाबतीत असं असेल तर ते आकडे सौजन्याचे समजून बाजूला सारू नका. ज्यावर चार मिळाले ते काम अजून मोठ्या जबाबदारीवर मागून घ्या.

१२. अभिप्राय मिळाला. आता पुढे काय?

इथेच बहुतेकांची गाडी थांबते. फॉर्म भरले, आलेख काढला, फाइल कपाटात. असं झालं तर न विचारलेलं बरं होतं, कारण आता लोकांना पक्कं ठाऊक झालेलं असतं की सांगून काही होत नाही.

पुढची रीत अशी. एकच गोष्ट निवडा, फार तर दोन. दहा मुद्दे आले तरी एकच. ती अशी असावी की केली की नाही हे दुसऱ्याला दिसेल. 'संयम ठेवीन' हे दिसत नाही. 'मशीन बंद पडल्यावर पहिल्यांदा ऑपरेटरला काय झालं ते विचारीन, मग बोलेन' हे दिसतं.

मग आठवड्याच्या आत, ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे परत जा आणि तीन वाक्यं बोला: 'तुम्ही सगळ्यांनी मिळून हे सांगितलंत. त्यातलं हे मी घेतलंय. हे मात्र आत्ता जमणार नाही, कारण हे.' निनावी घेतलं असेल तर सगळ्यांसमोर एकदम सांगा. आणि महिन्याने परत विचारा, 'काही फरक पडला का?' दोन मिनिटांचं काम आहे.

हे परत विचारणं हीच सगळ्या खटाटोपातली कामाची गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला आधारही आहे. गोल्डस्मिथ आणि हॉवर्ड मॉर्गन यांनी २००४ मध्ये आठ कंपन्यांमधल्या हजारो व्यवस्थापकांची माहिती मांडली. जे सहकाऱ्यांकडे परत परत जाऊन बोलत राहिले, ते सुधारले असं त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं. जे परत गेलेच नाहीत, त्यांच्यात फारसा बदल दिसला नाही. आणि एकूण पाहता, अशा चहूबाजूंच्या अभिप्रायाने किती फरक पडतो? २००५ मध्ये जेम्स स्मिदर, मॅन्युएल लंडन आणि रिचर्ड रायली यांनी अशा २४ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात सरासरी सुधारणा अगदी थोडी निघाली.

१३. अभिप्रायाने उलट नुकसान होऊ शकतं का?

होतं. १९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायावरच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते बिघडलं होतं. अभिप्राय कामावरून सरकून माणसाच्या स्वत्वावर गेला की त्याचा उपयोग कमी होत जातो, असं त्यांनी दाखवलं. म्हणूनच प्रश्न ५ मधली प्रसंगाची अट मी सोडत नाही. 'तुम्ही गर्विष्ठ आहात' हे ऐकून माणूस स्वतःला वाचवायला लागतो. 'बुधवारी माझं वाक्य तोडलंत' हे ऐकून तो बुधवार आठवायला लागतो.

१४. हे गुण पगारवाढीला जोडावेत का? आमच्या एचआरचं तसं म्हणणं आहे.

नको. निदान पहिली दोन वर्षं तरी नको. पैसा आला की मित्र मित्राला वर ढकलतो, आणि ज्याचा हिशेब चुकता करायचा राहिलाय तो या संधीची वाट बघत बसतो. तुमच्याकडे निर्णय नसेल तर निदान मोकळ्या जागेतली वाक्यं पगाराच्या फाइलमध्ये जाणार नाहीत, एवढं लेखी मागून घ्या.

१५. मी मुख्याध्यापिका आहे. कारखान्याच्या गोष्टी शाळेला लागू होतात का?

होतात, फक्त वेळ वेगळी. परीक्षा आणि प्रवेशाचे आठवडे टाळा. शिक्षकांइतकंच शिपाई आणि कार्यालयातल्या मंडळींना विचारा. शाळेत मुख्याध्यापिकेचा मूड सकाळी सगळ्यात आधी त्यांना कळतो, आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

१६. आमचं दिंडोरीकडे द्राक्षाचं पॅकहाउस आहे. माणसं हंगामी आहेत. त्यांना काय विचारणार?

त्यांना तर आधी विचारा. जानेवारी ते एप्रिल त्यांच्याच हातांवर तुमचा माल जातो. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी हंगाम संपला की गावी परतते, त्यामुळे 'शेवटी विचारू' म्हटलं तर विचारायला कुणी उरत नाही. हंगाम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत विचारा, म्हणजे त्याच हंगामात दुरुस्ती करता येते.

फॉर्म नको, तोंडी. मुकादमामार्फत नको, कारण निम्म्या तक्रारी मुकादमाबद्दलच असू शकतात. बायकांशी बायकांपैकीच जाणत्या एकीने बोलावं. प्रश्न हाताला लागतील असे हवेत: पाणी कुठून आणावं लागतं, गाडीसाठी किती वेळ उभं राहावं लागतं, मणी छाटताना चूक झाली तर साहेब काय बोलतात. एका पॅकहाउसमध्ये मालक स्वतःला शांत समजायचे. बायकांनी सांगितलं, 'ते ओरडत नाहीत, पण क्रेट उचलून जोरात आपटतात.' मालकांना याची कल्पनाच नव्हती. वर पाहिलेली तिसरी चौकट ती हीच.

पुढच्या वर्षी टोळी तुमच्याकडेच परत येते की शेजाऱ्याकडे जाते, हाही अभिप्रायच आहे. तोही वहीत लिहा.

१७. घरचा धंदा आहे. वडील आणि काका अजून रोज गादीवर बसतात. कामगार माझ्याबद्दल खरं कसं बोलतील?

इथे मामला नाजूक आहे. कामगारांच्या लेखी तुम्ही अजून 'छोटे शेठ' असता, आणि तुमच्याबद्दल बोललेलं संध्याकाळी थोरल्यांच्या कानावर जाईल ही त्यांची भीती खरी असते. म्हणून थोरल्यांना आधी विश्वासात घ्या: 'काका, मी माझ्यापुरतं लोकांना विचारणार आहे. कोण काय बोललं हे तुम्ही मला विचारायचं नाही, एवढं वचन द्या.' थोरले ऐकतात, मान राखून मागितलं की.

त्यांच्याबद्दलचा अभिप्राय तुम्ही गोळा करू नका. तो त्यांनी मागितला तरच. तुम्ही मात्र त्यांना स्वतःबद्दल विचारा, सवडीने, दुकान बंद करताना. सुरुवातीला उपदेश मिळेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी खरं मत मिळतं.

१८. एकाने आकसाने लिहिलंय, हे मला स्पष्ट कळतंय. तेही मान्य करायचं?

मान्य करायची गरज नाही, शोधत बसायचीही नाही. 'हे कोणी लिहिलं?' असं एकदा जरी विचारलंत तरी खेळ संपला. एकट्याचं मत बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी तेच दुसऱ्या कुणाकडून येतंय का ते बघा. आकसात सांगितलेली गोष्ट खोटीच असते असंही नाही. रागावलेला माणूस इतरांनी गिळलेलं वाक्य कधीकधी बोलून टाकतो.

१९. अभिप्राय घेताना एखादी गंभीर तक्रार निघाली तर?

मग तो अभिप्राय राहिला नाही, आणि तुम्ही तो वहीत ठेवू शकत नाही. मशीनचं गार्ड काढून काम चाललंय, असं कळलं तर त्याच दिवशी काम थांबवा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा.

लैंगिक छळाची गोष्ट असेल तर २०१३ चा कायदा लागू होतो. १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, कारण दाखवलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तुम्ही स्वतः मिटवायला जाऊ नका. त्या महिलेला हा मार्ग सांगा, तिला हवी असेल तर तक्रार लिहायला मदत द्या, आणि बाहेर कुठेही बोलू नका. म्हणूनच विचारायला सुरुवात करतानाच सांगून ठेवा: 'तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाचा किंवा अब्रूचा प्रश्न असेल तर मला गप्प बसता येणार नाही.'

२०. पुन्हा कधी विचारायचं?

मोठा फॉर्म वर्षातून एकदा पुरे. निवडलेल्या एका गोष्टीबद्दल दर महिन्याला दोन मिनिटं (प्रश्न १२). दर आठवड्याला विचारत राहिलात तर लोक कंटाळतात आणि पुन्हा 'सगळं छान' सुरू होतं.

२१. ज्याच्याशी माझं वागणं चुकलं, तो माणूस नोकरी सोडून गेला. आता विचारून काय उपयोग?

विचारा. जमलं तर भेटून. आता तो तुमच्या हाताखाली नाही, त्यामुळे तुम्हाला मिळू शकणारं सर्वांत स्वच्छ उत्तर त्याच्याकडेच आहे.

मी सुपरवायझर असताना एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरवर रात्रपाळीत सगळ्यांसमोर ओरडलो होतो. वर्षभरात तो सोडून गेला. माझ्या वहीत ती चूक ठळक अक्षरांत होती: चारचौघांत अपमान केला. पाचेक वर्षांनी नाशिकरोडला स्टेशनबाहेर तो भेटला. चहा घेताना मी माफी मागितली, आणि विचारलं, 'तेव्हा मी काय करायला हवं होतं?'

तो म्हणाला, 'ओरडल्याचं काही नाही, साहेब. चूक माझीच होती. पण त्यानंतर तुम्ही मला सीएनसीवरून काढून दिवसपाळीला ड्रिलवर लावलं. का ते सांगितलं नाही. मला वाटलं, मी तुमच्या मनातून उतरलो.'

त्या महिन्यात त्याची आई सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होती. रात्री त्याला तिच्यापाशी थांबता यावं म्हणून मी त्याला दिवसपाळी दिली होती. सीएनसीवर दिवसाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ड्रिल. हे मी त्याला स्टेशनबाहेर पहिल्यांदा सांगितलं.